अठ्ठावीस दाते

सोमवारी माझं औषधांचं दुकान बंद असतं.
सात वाजता, पाववाल्याची गाडी हॉर्न देऊन गेली
की एस्काँद येतो, पुतण्याची जुनी सायकल घेऊन,
जिच्या मागच्या मोठ्या चक्राला अठ्ठावीस दाते आहेत.
"आणि माझ्या तोंडात एकोणीस," तो दर वेळी सांगतो,
मीही दर वेळी हसते,
कारण पुढे अकरा किलोमीटर वारा समोरून आहे
आणि हसण्यापुरता श्वास तेव्हा उरत नाही.

इथल्या वाऱ्याला नाव आहे, घरच्या कुत्र्याला असतं तसं.
त्रामोंतान.
वाहिला तर तीन दिवस, नाहीतर सहा, नाहीतर नऊ,
असं म्हातारे सांगतात. मोजत कुणी बसत नाही.
सरूची झाडं एका अंगाला कललेली,
शेजाऱ्याचं बोलणं चोरून ऐकावं तशी.
मी एस्काँदच्या मागच्या चाकामागे लपते.
हातभर अंतर, जास्त नाही.
चाळीस वर्षं ट्रॅक्टरवर बसलेली पाठ
वारा बऱ्यापैकी अडवते.

हे रस्ते त्याला पाठ आहेत, पण डिझेलवर पाठ केलेले.
सहकारी वाइनरीच्या मागच्या वळणावर
(सप्टेंबरात इथे ट्रेलरमधून रस गळायचा,
डांबर चिकट व्हायचं, गांधीलमाश्या घोंघावायच्या)
तो धापत विचारतो, "इथे चढ होता?"
चाळीस वर्षं गेला-आला,
चढ आहे हे कुणी बोललं नाही त्याला.
आता गुडघे बोलतात.
गुडघ्यांचं मलम मीच विकते त्याला,
दहा टक्के कमी लावून.

दोन वर्षांपूर्वी त्यानं सही केली.
हेक्टरमागे इतके युरो, वेली मुळासकट काढायच्या.
एक पिवळं यंत्र आलं, दोन दिवसांत गेलं.
मग खोडांचा ढीग, काळा, गाठीगाठींचा.
त्या हिवाळ्यात गावभर सॉसेज
एस्काँदच्या कारिन्याँवर भाजले गेले.
मीही दोन पोती नेली.
पैसे घेतले नाहीत त्यानं.
जळतं छान ते लाकूड. सावकाश.

तेव्हापासून आम्ही खालच्या रस्त्यानं जातो, नदीकडच्या.
का, हे मी विचारलं नाही.
आज तिथे पाण्याच्या पाइपसाठी खणून ठेवलंय,
एक पोरगा लाल फलक धरून उभा. वरून जा, म्हणाला.
वरून.

सपाट रस्ता, तरी त्यानं अठ्ठावीसवर चेन टाकली.
पाय भराभर फिरताहेत, सायकल जेमतेम पुढे सरकतेय.
मी बाजूला आले. वारा दोघांच्याही तोंडावर.
उजवीकडे दगडगोटे, बडीशेपेची रानटी झुडपं,
आणि एक विजेचा खांब.

खांबाभोवती दीड मीटर खणायचं नाही,
असा वीज कंपनीचा नियम.
त्या दीड मीटरात एक वेल उभी होती.
छाटणी नाही, फवारणी नाही,
तीन हात रस्त्यावर पसरलेली, 
गाडी अडवायला निघाल्यासारखी.

तो उतरला. सायकल आडवी टाकली, पुतण्याची आहे हे विसरून.
घोस लहान, अर्धे सुकलेले, अर्धे पाखरांचे.
त्यानं तळाचा एक मणी तोडला, तोंडात फिरवला,
एकोणीस दातांनी साल चावली,
बिया तळहातावर थुंकून त्यांचा रंग पाहिला,
मान हलवली.
"अजून नाही. आठ दिवस."

कुणाला सांगत होता कोण जाणे.
ट्रेलर विकलाय. कात्र्या पुतण्याकडे.
वाइनरीच्या वजनकाट्यावर त्याचं नाव आता लागत नाही.
मी म्हटलं, "पुढचा सोमवार सातच दिवसांवर आहे."
"आठ," तो म्हणाला, आणि बिया खिशात टाकल्या.

परतताना वारा पाठीशी.
पाय न मारता आम्ही गावात पोचलो,
मागच्या चाकांची टिकटिक तेवढी ऐकू येत होती.

मंगळवारी दुकान उघडं असतं माझं.
मादाम कोस्तेचं रक्तदाबाचं औषध त्याच दिवशी संपतं.
बघते, तिला सोमवारीच बोलावता येतं का.